पाव्हण्याच्या हातातला फोन

स्वारगेटला सातारची गाडी मिळाली, खिडकी मिळाली आणि शेजारी घोरणारा माणूस आला नाही, म्हणजे त्या काळी अर्धा प्रवास सुखाचा झालाच म्हणायचा. नव्वदचं दशक संपत आलं होतं. पाडवा आठवड्यावर आला होता आणि मी सांगलीला घरी निघाले होते. मी मूळची सांगलीची, नोकरीपुरती पुणेकर. एरवी सरळ रात्रीच्या गाडीनं गेले असते. पण या खेपेला वाकडी वाट करायची होती, आणि तीही एका मोबाइल फोनपायी.

आमची संस्था लहानशी. चार टेबलं, एक टाइपरायटर, एक पंखा, आणि सगळ्यांचे दादा. दादा म्हणजे आमचे प्रमुख. त्यांच्या डोक्यात सतत काहीतरी नवं शिजत असायचं. त्या वर्षी त्यांनी मनावर घेतलं की सरकारी कामावर साहेब लोक ठेवतात ती देखरेख कागदावरची. खरी देखरेख ज्याच्या गावात काम चाललंय त्यानं ठेवावी, आणि दिसलं ते तिथल्या तिथं कळवावं. मोबाइल तेव्हा नुकतेच आले होते. हातात धरला की मनगट भरून यायचं, वरची काडी ओढून काढावी लागायची, आणि समोरच्यानं फोन केला तरी पैसे आपल्यालाच पडायचे. असला एक फोन दादांनी कुणाच्या तरी मिनतवाऱ्या करून मिळवला आणि वर्धनगडापलीकडच्या एका गावाला दिला. तिथं ओढ्यावर पाझर तलावाचं काम चाललं होतं. गावाचं नाव सांगत नाही. ती माणसं अजून आहेत आणि पुढे एका जावयाची गोष्ट येणार आहे. आपण त्याला खडकमाळ म्हणू.

दर शनिवारी दुपारी आमच्या ऑफिसात खडकमाळचा फोन यायचा. बोलायचे ते गावच्या देखरेख कमिटीचे अध्यक्ष, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार. आवाज असा की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागे. "खडकमाळ बोलतोय. काम झ्याक चाललंय. रोलर फिरतोय. गडी हजर हायती. सब ठीक. ओव्हर." दोन महिने दर शनिवारी हेच. दादा खूश. मला मात्र काही हे पचेना. अहो, आमच्या सांगलीत नवं गटार झालं तरी नारळ फुटायच्या आत चार माणसं नावं ठेवायला उभी असतात. सरकारी कामाचं दोन महिने अखंड कौतुक करणारं गाव महाराष्ट्रात असेल यावर माझा विश्वास बसणं शक्यच नव्हतं. दादांना तसं म्हटलं, तर म्हणाले, "तू जाऊन ये. संशयी माणूसच पाठवायला हवा."

कात्रज मागे पडला, खंबाटकीच्या घाटात गाडी धापा टाकत चढली आणि सातारला पोचेस्तोवर ऊन डोक्यावर आलं. सातारा स्टँडवर उतरलं की मान वर करून अजिंक्यताऱ्याकडे बघायचं ही माझी लहानपणापासूनची सवय. लहानपणी आम्ही सुट्टीत पुण्याला मावशीकडे जायचो तेव्हा वडील इथं हमखास उतरून कंदी पेढे घ्यायचे, आणि ते परत येईपर्यंत गाडी सुटेल या भीतीनं मी खिडकीतून अर्धी बाहेर लोंबायचे. त्या दिवशी मीच उतरून पेढे घेतले. गाडी सुटायची भीती वाटायला सोबत कुणी नव्हतं याचं जरा वाईट वाटलं. स्टँडवरच्या कँटीनमध्ये झणझणीत मिसळ खाल्ली, नाक पुसत दहिवडीची गाडी शोधली आणि तीत कशीबशी घुसले.

कोरेगाव ओलांडेपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस होता. तो एका जागी थांबला आणि मग नुसतीच उघडी जमीन. वर्धनगडाचा घाट चढून पलीकडे उतरलं की मुलूख बदलतो. बाभळी, खडक, लांबवर मेंढरांचा एखादा कळप. गाडीत मुंबईहून सणाला आलेली माणसं होती, त्यांच्या पत्र्याच्या पेट्या होत्या, आणि एका बाईच्या मांडीवर करडू होतं ते माझी ओढणी चघळत होतं. कंडक्टरला गावाचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, "फोनच्या गावाला व्हय? उतरवतो की फाट्यावर." दोन महिन्यांत गावाला नवं नाव पडलं होतं. फाट्यावरून गाव पायी पाऊण तासावर. वाटेत माझ्या चपलेचा अंगठा तुटला. पदराला पिन असते तशी ओढणीला होती, ती काढून अंगठा अडकवला आणि एक पाय ओढत, ओढणी सावरत मी खडकमाळात दाखल झाले.

सुभेदार पारावरच होते. पांढऱ्या मिशा, कडक इस्त्रीचा सदरा, पायात कॅनव्हासचे बूट. मी पेढे पुढे केले, त्यांनी सलाम ठोकून घेतले. पाणी झालं, चहा झाला. मग मी सहज विचारलं की फोन कुठाय, बघू तरी.

"पाव्हण्याकडं हाय," सुभेदार म्हणाले.

कोण पाव्हणा? तर गावचा जावई. संपतराव त्याचं नाव. सांगली जिल्ह्यातला, तासगावकडचा. तलावाच्या मोठ्या ठेकेदारानं मातीकाम ज्याला पोटठेक्यानं तोडून दिलं होतं, तो हाच. आणि फोन त्याच्याकडे का? सुभेदारांनी अगदी लहान मुलाला समजावून सांगावं तसं सांगितलं. गावात वीज दिवसातून दोनदा तोंड दाखवते, फोन चार्ज व्हायचा कसा? कामावर पाव्हण्याचा जनरेटर आहे. शिवाय बटणं दाबायची त्यालाच नीट जमतात. पाव्हण्यालाही अधूनमधून घरी फोन लावायला बरा पडतो. आणि दर शनिवारी तोच बिचारा काम सोडून टेकडीवर येतो, नंबर लावून देतो, मग सुभेदार बोलतात.

मी कपाळावर हात मारून घेतला. ज्याच्या कामावर नजर ठेवायची त्याच्याच हातात फोन! आणि हे सांगताना कमिटीच्या अध्यक्षांच्या चेहऱ्यावर पाहुणचार नीट केल्याचं समाधान. मी जरा चिडूनच विचारलं की त्याच्यासमोर त्याच्याच कामाविषयी काय बोलणार होतात तुम्ही? सुभेदार मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "आवं ताई, आमी खोटं कवा बोललो? रोलर फिरतोय म्हनलो. फिरतोयच की."

रागावून तरी काय करणार? आमच्याकडच्या गावांची रीत मला माहीत होती. गावची लेक ज्याला दिली तो एका घराचा जावई नसतो, सगळ्या गावाचा असतो. त्याचं नाव घेऊन कुणी हाक मारत नाही, पाव्हणं म्हणायचं. त्याच्या ताटात वाढताना हात आखडायचा नाही. संपतराव कामाला आल्यापासून गावानं त्याच्या जेवणाची पाळी लावली होती, रोज एका घरी. अशा माणसाची तक्रार करायची म्हणजे स्वतःच्याच ओसरीवर थुंकल्यासारखं. पुण्यात बसून हे दादांना कळायला मार्गच नव्हता.

उतरत्या उन्हात काम बघायला गेले. ओढ्याच्या दोन्ही अंगांनी मातीचा बांध उंच चढला होता. मधे ओढ्याच्या पात्रात मात्र तो अजून कमरेएवढाच होता. संपतराव पळत आला. तिशीच्या आतला, उन्हानं रापलेला, बोलायला गोड. त्यानं फोन दाखवला. प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी फडक्यात, फडकं पेटीत. माझ्या ऑफिसात टाइपरायटरचे एवढे लाड होत नव्हते. स्वतंत्रपणे घेतलेलं त्याचं हे पहिलंच काम. वरचा ठेकेदार घाई करतो, काळी माती लांबून आणावी लागते, शेतकरी माती देत नाहीत, पाऊस यायच्या आत बांध उरकला नाही तर सगळंच अंगावर येईल, असं त्यानं चहा पाजत पाजत सांगितलं. मला तो आवडला, खोटं कशाला बोलू.

माझा मुक्काम सोनाबाईंकडे ठरवला होता. सोनाबाई म्हणजे संपतरावाची खुद्द सासू. नवरा वारल्यावर एकटीनं शेत आणि लेक सांभाळलेली, उंच, काटक, फारसं न बोलणारी बाई. त्यांचं घर आणि शेत बांधाच्या अगदी पायथ्याला, ओढ्याच्या काठावर, आणि त्याखाली आणखी काही घरांची वस्ती. सोनाबाईंनी बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाची पातळ, लसणाची फोडणी दिलेली पेज) केलं होतं. माझी आजी माडगं करायची. तोंडाला वाटी लावली आणि डोळ्यांत पाणीच आलं. तिखटानं असेल म्हणून सोनाबाईंनी गुळाचा खडा दिला.

त्या दिवशी जावयाची जेवणाची पाळी त्यांच्याकडेच होती. तेव्हा मी एक पाहिलं. सोनाबाई जावयाशी अवाक्षर बोलत नव्हत्या. डोक्यावरचा पदर पुढे ओढून, तोंड बाजूला करून वाढत होत्या. भाकरी हवी का हे त्यांनी मला विचारलं, "पाव्हण्यास्नी इचारा," असं. मी विचारलं. तो म्हणाला, "मामींना सांगा, पुरे." मी सांगितलं. सासू-जावई हाताच्या अंतरावर आणि मधे मी. सासूनं जावयाशी तोंड वर करून बोलायचं नाही, ही त्यांच्याकडची रीत. लग्नाला दोन वर्षं होऊन गेली होती, तरी त्या दोघांचं सरळ बोलणं झालेलं नव्हतं.

सकाळी सोनाबाई मला शेतात घेऊन गेल्या. कांदा काढायला आला होता. बांधापाशी आल्यावर त्या थांबल्या आणि बांधाकडे न बघता बोलायला लागल्या. बांधाच्या पोटात मधोमध खोल चर खणतात आणि तो काळ्या चिकण मातीनं भरून रोलर फिरवतात, म्हणजे तलावात साठलेलं पाणी बांधाखालून वाट काढत नाही. दोन्ही बाजूंना तो नीट भरला होता. ओढ्याच्या पात्रात आले आणि काळ्या मातीचे ट्रॅक्टर यायचे बंद झाले. तिथं चरात मुरूम पडला. मुरमातून पाणी वाट काढणार, आणि मोठा पाऊस झाला की बांध नेमका ओढ्याच्या तोंडालाच फुटणार. हे गावात कुणाला माहीत नव्हतं असं नाही. चर काही पडदा लावून भरला नव्हता. सुभेदारांनाही ठाऊक होतं. पण जावई.

"आन् माझ्या वैजूला धाडायची हाय त्येंनी म्हैन्यात," सोनाबाई म्हणाल्या.

वैजू त्यांची एकुलती लेक. पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. चैत्रातल्या पुनवेला तिला आणायचं ठरलं होतं. तोंडातून जावयाच्या कामाबद्दल एक शब्द गेला तर सासरची माणसं लेकीला धाडणार नाहीत. तिथंच बाळंत होईल, आणि वर जन्मभर टोमणे खाईल. आणि शब्द गेला नाही तर? लेक येईल, वैशाखात बाळंत होईल, आणि पाऊस येईल तेव्हा ती आणि महिन्याचं लेकरू त्याच घरात, ओढ्याकडच्या खोलीत झोपलेलं असेल. दोन्हीकडून लेकच. कितीतरी दिवस ही बाई हे पोटात घेऊन फिरत होती. मी पदवीधर, पुण्याची, चार परिसंवाद ऐकलेली.  मी नुसती त्यांच्या हाताला धरून उभी राहिले.

तो शनिवार होता. दुपारी कमिटी टेकडीवर निघाली. टेकडीच्या माथ्यावर म्हसोबाचा शेंदूर फासलेला दगड आहे, आणि त्याच्या उजव्या हाताला दोन पावलांवर फोनला रेंज मिळायची. एवढ्या मोठ्या टेकडीवर दुसरीकडे कुठेही नाही. रेंज देवापाशी असल्यामुळे सगळे चपला काढून फोन करत. आधी म्हसोबाला हात जोडायचे, मग नंबर. मला हसू आलं, पण मीही माझी पिन लावलेली चप्पल काढली. संपतराव फडकं सोडत होता तेवढ्यात खालून सोनाबाई चढून येताना दिसल्या. कमिटीत बाया नावालाच होत्या, टेकडीवर त्या आजवर आल्या नव्हत्या. सुभेदार गडबडले. सोनाबाई धाप आवरत माझ्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "आज मी बोलनार हाय. पाव्हण्यास्नी म्हनावं, नंबर लावून द्या."

मी संपतरावाकडे बघितलं. त्याला वाटलं असेल, लेकीशी बोलायचं असेल. त्यानं हसून काडी ओढली, आमच्या ऑफिसचा नंबर म्हटल्यावर जरा थबकला, पण लावून दिला. फोन माझ्या हातात, माझ्या हातातून सोनाबाईंच्या. तो तीन पावलांवर उभा होता. सोनाबाईंनी त्याच्याकडे पाठ केली, पदर पुढे ओढला आणि पुण्यातल्या दादांशी, ज्यांना त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, मोठ्यानं बोलायला सुरुवात केली.

"मी खडकमाळची सोनाबाई. काम माझ्या जावयाचं हाय. गुनाचा हाय जावई, येसन न्हाई, लेकीला कवा वाकडं बोलला न्हाई. पर वड्याच्या तोंडाला चरात काळी माती न्हाई. मुरूम हाय. बांध फुटंल. माझी लेक बाळातपनाला येनार हाय, आन् तिची खाट बांधाच्या खाली हाय. लेकरू त्येंचंच हाय. येवढंच सांगायचं हुतं."

 सुभेदार बुटाशिवायच्या आपल्या पायांकडे बघत होते. सोनाबाई तिकडचं ऐकत होत्या. दादा सरकारी ऑफिसला कळवतो म्हणाले असावेत, कारण त्या एकदम म्हणाल्या, "न्हाई. आठ दीस कुनाला सांगू नगा. फुडल्या शनवारी मी परत बोलते. मग काय करायचं ते करा." आणि फोन माझ्या हातात देऊन त्या टेकडी उतरायला लागल्या.

तोंडावर जे दोन वर्षांत बोलता आलं नव्हतं आणि रीतीप्रमाणे कधीच बोलता आलं नसतं, ते त्यांनी पुण्याला सांगून जावयाला ऐकवलं होतं. मी फोन संपतरावाकडे दिला. त्यानं काडी आत सारली, पिशवीत घातला, फडक्यात बांधला. सगळं रोजच्यासारखं नीट.  चेहरा काळाठिक्कर पडला होता. त्या संध्याकाळी तो कुणाकडेच जेवायला गेला नाही. मोटरसायकल काढली आणि घरी निघून गेला.

रविवारी सकाळी मी निघाले तेव्हा सोनाबाईंनी एक खण, नारळ आणि डिंकाच्या लाडवांचा डबा माझ्याकडे दिला. लेकीचं गाव माझ्या वाटेवरच होतं, तासगावच्या अलीकडे. "तिला बघून जावा," एवढंच म्हणाल्या.  मला त्यांना काहीतरी धीराचं बोलायचं होतं, पण उगाच आशा लावणं बरं दिसलं नसतं.

मायणीवरून विट्याला आले. विट्याच्या बाजारात सोन्या-चांदीची दुकानं बघून दरवेळी नवल वाटतं. इथली माणसं गलाईच्या (सोनं-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या) धंद्यासाठी पार देशभर पांगलेली, सणाला तेवढी परततात. गाडीत मद्रासहून आलेला एक जण बायकोशी अर्ध्या तमिळमध्ये भांडत होता आणि ती माणदेशीत उत्तरं देत होती. विट्याच्या पुढे हळूहळू हिरवं दिसायला लागलं. द्राक्षाच्या बागा, बेदाण्याची शेड, वाऱ्याला गोडूस वास. एरवी त्या वासानं घर जवळ आल्याचा आनंद व्हायचा. त्या दिवशी मांडीवरच्या डब्याकडेच लक्ष होतं.

वैजूच्या सासरी तिच्या सासूबाईंनी मला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं, आणि चहा न विचारता म्हणाल्या की तुमच्या त्या फोननं आमच्या पोराची चारचौघांत लाज काढली. मी गप्प बसले. सांगलीच्या बाईनं गप्प बसणं ही किती मोठी गोष्ट आहे हे सांगलीकरांनाच कळेल. वैजू आतून आली. आईसारखीच उंच, पण चेहऱ्यावर अजून पोरपण. खण-नारळ घेतला, डबा छातीशी धरला. मी निघाले तेव्हा फाट्यापर्यंत वाट दाखवते म्हणून ती सोबत आली.

तिनं चालता चालता सांगितलं ते असं. नवरा काल उशिरा आला, टेकडीवर झालेलं तेवढं सांगितलं, जेवला नाही. सासूबाई ओरडत राहिल्या. मग निजायच्या वेळी त्यानं तिला एकच विचारलं, तुमच्या घरात बाळंतिणीची खोली कोणती. ती म्हणाली, ओढ्याकडची. तो छताकडे बघत पडून राहिला आणि उजाडायच्या आत मोटरसायकल काढून गेला. कुठं, ते सांगितलं नाही. काम सोडून वरच्या ठेकेदाराकडे गेला की खडकमाळला गेला, तिला काही ठाऊक नव्हतं.

"ताई, मला आईकडंच जायचंय," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिले. दोन गाड्या गेल्या. तिसरीत बसले.

सांगलीत आठवडा कसा गेला ते सांगण्यासारखं नाही. घर तेच, आई तीच. संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर जाऊन बसायचं, येताना भडंगाचा पुडा आणायचा, पाडव्याला गुढी, कडुलिंबाचा पाला, श्रीखंड. कितीतरी दिवसांनी सगळी भावंडं एकत्र होतो आणि आई सारखी म्हणत होती की अजून एक पुरी घे. आज त्या पंगतीतली दोन माणसं नाहीत, आणि तो पाडवा आठवला की गलबलून येतं. पण तेव्हा माझं मन खडकमाळात. आईनं दोनदा विचारलं, कुणाशी भांडून आलीस का? तिला सोनाबाईंची सगळी हकिगत सांगितली. आई पुरी लाटायची थांबली. म्हणाली, "मी नसते बोलले बाई. लेकीचं बाळंतपण माझ्या हातचं गेलं असतं तर मी जगले नसते." मग परत लाटायला लागली.

शुक्रवारी पुण्याला परतले. शनिवारी दुपारी मी आणि दादा फोनच्या दोन बाजूंना बसलो होतो. नेहमीची वेळ टळली. दादांनी चष्मा पुसला, परत पुसला. जावई फोन घेऊनच निघून गेला असेल तर, हे आमच्या दोघांच्याही मनात होतं. आणि एकदाचा फोन वाजला. मी उचलला. सुभेदारांची गर्जना ऐकायची म्हणून रिसीव्हर लांब धरला होता, तर पलीकडून हळू आवाज आला.

"ताई, संपत बोलतोय."

त्यानं सांगितलं की ओढ्यातला बांध उकरलाय. रविवारपासून पोकलेन लावलंय, काम सोडून गावात कुणाकडे पाळीच्या जेवणालाही गेलो नाही. मुरूम सगळा बाहेर काढला. काळी माती सुभेदारांनी स्वतःच्या शेतातली दिली, मग त्यांचं बघून बाकीच्यांनीही दिली. चर निम्मा भरत आलाय, साहेबांना येऊन बघू द्या. मी ऐकत होते आणि दादांना खुणा करत होते. मग तो घुटमळला.

"ताई, मामींना येवढं सांगा. पुनवेला वैजूला घिऊन येतो. घरच्यांचं मी बघतो. मी सोता आनून सोडतो."

मी विचारलं, मामी कुठायत?

"हितंच हायत की. म्हसोबापाशी उभ्या हायत."

"अहो मग तुम्हीच सांगा ना!"

"आसं कसं, ताई. तुमीच सांगा."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला, वाऱ्याचा आवाज आला. मी सोनाबाईंना सांगितलं. त्यानं म्हटलं तसंच्या तसं, एकही शब्द न गाळता: पुनवेला वैजूला घेऊन येतो, घरच्यांचं मी बघतो, मी स्वतः आणून सोडतो. त्यांनी ते तिथं, त्याच्या शेजारी उभं राहून, आधीच ऐकलेलं असणार. तरी मी सांगेपर्यंत त्या थांबल्या होत्या.  दादा अधीर होऊन विचारत होते काय झालं, काय झालं, आणि मी त्यांना हातानं थांबवत होते.

आता प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. रस्त्यावरच्या खड्ड्याचा फोटो काढून कुठल्या कुठे पाठवता येतो, आणि चांगलंच आहे ते, मीही पाठवते. पण त्या टेकडीवर एका सबंध गावाला एक फोन होता, आणि बोलायला चढण चढून जावं लागायचं. तितकं चढून गेल्यावर माणूस वाटेल ते बोलत नाही. त्या दिवसांची आठवण आली की मला कोणता अहवाल आठवत नाही, दादांचं भाषण आठवत नाही. सोनाबाई शेवटी जे बोलल्या ते आठवतं.

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "त्येंना म्हनावं, आठ दीस उपाशी हायती. आज माझ्याकडं जेवून जावा."